कंपनी बचाव पथकाला सीएसआरमधून मदत देतेय, नेमकं काय मागावं?

घाटवाट (पोलादपूर)

नमस्कार मंडळी. पोलादपूर-महाड भागात आमचं स्वयंसेवी बचाव पथक आहे. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, एकजण गॅरेजवाला, दोघं दूध डेअरीत कामाला. दरीत गाडी गेली, गडावर कुणी वाट चुकलं, नदीकाठची वाडी पाण्यात अडकली, की पोलीस ठाण्यातून नाहीतर तहसीलमधून फोन येतो आणि आम्ही दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), स्ट्रेचर घेऊन निघतो.

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला यंदाच्या सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या) निधीतून आमच्यासाठी काहीतरी करायचंय. माणसं मनापासून बोलली, त्यांच्यातले दोघं स्वतः ट्रेकर आहेत. त्यांनी पाठवलेल्या यादीत ड्रोन आहे, टॅबलेट आहेत, सॅटेलाईट फोन आहे आणि एक 'एकात्मिक बचाव ॲप' आहे. यातलं काय हवं ते सांगा, यादीत नसलेलं काही हवं असेल तर तेही लिहा, असं म्हणाले.

माझी अडचण अशी. याआधी एका दुसऱ्या कंपनीने आम्हाला ॲप करून दिलं होतं. तालुक्याला कार्यक्रम झाला, हार झाले, फोटो झाले. पण ॲप उघडायला ओटीपी लागायचा आणि घाटात रेंज नाही तिथे ओटीपी येणार कुठून? दोन पावसाळ्यांनी त्यांचा सर्व्हर बंद झाला. आमच्या पोरांनी भरलेल्या पायवाटा, पाण्याच्या जागा, दोर बांधायच्या जागा, सगळं त्याच्यासोबत गेलं. त्या माहितीसाठी पोरं उन्हातान्हात फिरली होती.

आमच्याकडे खरी झुंज खबर लागण्याशी असते. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत गेली, तेव्हा वाचलेला एकच माणूस वर चढून रस्त्यावर आला आणि मग जगाला कळलं. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होतं, रस्ते बंद, फोन बंद, आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. बचाव पथकं तिथे पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. मधले ते तास कुठल्या यंत्राने वाचले असते, हे मला खरोखर समजून घ्यायचंय. टेलिकॉममधली, ११२ या आपत्कालीन नंबरवरची, ड्रोनवाली, परदेशात राहणारी मंडळी इथे आहेत. मोकळेपणाने सांगा.


टॉवरवाला (रत्नागिरी)

दादा, मी कोकणात मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे फोन का बंद पडतात तिथून सुरुवात करतो. ते कळलं की काय मागायचं ते आपोआप कळेल.

वादळात किंवा पुरात टॉवर आडवा होणं तसं क्वचित घडतं. बहुतेक टॉवर उपाशी मरतात. महावितरणची लाईन गेली की साइट, म्हणजे टॉवरचा सगळा संच, बॅटरीवर येते. बॅटरी काही तास ओढते, मग डिझेल जनरेटर सुरू होतो, आणि डिझेल संपलं की साइट डाऊन. डिझेलचे कॅन घेऊन निघालेला टेक्निशियन बंद घाटाच्या अलीकडे जीपमध्ये बसलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा विजेचे खांब इतके पडले की वीज यायला कित्येक गावांना आठवडे लागले. एवढ्या काळासाठी कुठल्याच टॉवरची रचना केलेली नसते. २०२१ च्या चिपळूणच्या पुरात वेगळंच. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. अशा पाण्यात जनरेटर आणि बॅटरीचं कपाट जमिनीलगत असेल तर वरचे अँटेना धडधाकट असूनही साइट मेलेलीच.

दुसरं कारण जमिनीखाली. टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी फायबर बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेने जाते. घाटाची कड वाहून गेली की फायबरही गेली. मग फोनवर काड्या पूर्ण दिसतात, पण कॉल लागत नाही. लोकांना वाटतं आपला फोन बिघडला, आणि ते तिथेच बटणं दाबत बसतात. तुमच्या भागातल्या लोकांना एवढं तरी सांगून ठेवा की अशा वेळी जागा बदलायची, दुसऱ्या डोंगराकडे तोंड असलेल्या उंचवट्यावर जायचं. आणि पडद्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसलं तर ती आशेची गोष्ट आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाचा टॉवर जिवंत आहे, ११२ लावून बघायचा.

आता कंपन्या काय करतात ते. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग एकमेकांच्या नेटवर्कवर रोमिंग उघडायला लावतो. मग कुठल्याही कंपनीचं सिम त्या भागात जो टॉवर उभा आहे त्यावर चालतं. माझ्या मते आपत्तीत टेलिकॉम कंपन्यांकडून मिळणारी ही सर्वांत मोठी मदत, आणि तिला एक नवं यंत्र लागत नाही. चाकांवरचे टॉवरही असतात, ट्रकवर मास्ट, म्हणजे उंच खांब, उभा करून. पण त्यांना रस्ता लागतो, म्हणजे महाड शहरात ते उपयोगी, तळियेसारख्या वाडीला नाहीत.

केरळातल्या वायनाडचं उदाहरण बघा. ३० जुलै २०२४ ला दरडी कोसळल्या तेव्हा चूरलमला भागात बीएसएनएलचा टॉवर होता. वीज गेल्यावर तो डिझेलवर चालू ठेवला, त्यावर घाईने फोर-जी सुरू केलं, आणि लष्कर, एनडीआरएफ, आरोग्य खातं यांचं बोलणं त्यावर चाललं. खाजगी कंपन्यांनीही तिथे क्षमता वाढवली. पण पहिल्या तासांत उपयोगी पडलं ते आधीपासून उभं असलेलं. आपत्ती आल्यावर हेलिकॉप्टरने आणलेलं नव्हे.

म्हणून माझं म्हणणं, कंपनीकडे वस्तू मागण्याआधी तिचं वजन मागा, म्हणजे सरकारदरबारी तिचा शब्द. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि पावसाळ्याआधी आढावा बैठक होते. त्या बैठकीत टेलिकॉमवाल्यांसमोर एक साधा तक्ता ठेवायचा: तुमच्या भागातली कुठली वाडी कुठल्या साइटवर जगते, त्या साइटची बॅटरी किती तास चालते, डिझेल कुठे साठवलंय, ती साइट पुढे कुठल्या साइटवर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर कंपनीतली दोन हुशार पोरं महिनाभरात हा तक्ता करून देतील. छापील. ॲपमध्ये नको.

आणि एक गोष्ट तुमच्याकडून हवी. तुमच्याकडे बोट आहे, दोर आहे, वाटा माहीत असलेली माणसं आहेत. रस्ता तुटला की एक जागा आमच्या टेक्निशियनला आणि त्याच्या डिझेलच्या कॅनला द्या. पंधरा-वीस वाड्यांचे फोन त्या एका कॅनवर परत येऊ शकतात. हा निर्णय पाणी चढल्यावर कुणी घेत नाही, कारण तेव्हा बोटीत म्हातारी माणसं आणि पोरंबाळं बसवायची असतात आणि ते योग्यच आहे. म्हणून दुसरी फेरी, तिसरी फेरी कुणाची, हे कागदावर आधीच ठरलेलं असावं.


उंचावरून (नाशिक)

ड्रोनबद्दल लिहितो, कारण माझा रोजचा धंदा तोच आहे. सर्वेक्षणाची कामं करतो आणि शोधकार्यासाठीही उडवलंय.

ड्रोनचा उपयोग नक्की आहे. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात एनडीआरएफने आयडियाफोर्जची नेत्र ड्रोन वापरली होती. ही कंपनी आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांची. माणूस पोहोचू शकत नाही तिथे कोण अडकलंय हे बघायला त्यांचा उपयोग झाला. पण हिमालयातलं उघडं आकाश वेगळं आणि जुलैतला सह्याद्री वेगळा. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा हेलिकॉप्टर तयार असून पावसाधुक्यामुळे उडू शकलं नाही. वर रस्ता नव्हता, जेसीबी चढला नाही, माणसांनी हाताने माती उपसली. त्या धुक्यात ड्रोनच्या कॅमेऱ्यालाही पांढऱ्यापलीकडे काही दिसलं नसतं. थर्मल कॅमेरा अंधारात उत्तम, पण दाट धुकं आणि गच्च झाडी यातून तोही पार बघत नाही. चिखलाखालच्या माणसाची ऊब वर येत नाही.

तरी मागायचंच असेल तर ड्रोन मागू नका, ड्रोनची सेवा मागा. एका बॅटरीवर अर्ध्या तासाच्या आसपास उड्डाण, म्हणजे बॅटऱ्यांचा संच आणि त्या रात्री चार्ज करायला छोटा जनरेटर हवा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी लागते आणि दोन किलोवरचं उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवलेला तुमचा एक मुलगा उद्या नोकरीला मुंबईला गेला की ड्रोन कपाटात. त्यापेक्षा कंपनीने जवळच्या दोन-तीन परवानाधारक पायलटांशी वर्षाचा करार करावा, विमा भरावा, आणि पावसाळ्याआधी तुमच्यासोबत घाटात सराव करून घ्यावा. दोराचं काम करणाऱ्या माणसाला काय दिसायला हवं, हे पायलटला सरावातच कळतं.

दरीत बारीक दोरी पोहोचवायला मात्र ड्रोन खरंच चांगला. बारीक दोरी आधी, तिला बांधून जाड दोर मागून. आणि हेलिकॉप्टर येतंय असं कळलं की ड्रोन ताबडतोब खाली.


फोन_उचलते (नवी मुंबई)

मी ११२ च्या केंद्रात फोन घेते. पोलादपूरच्या दादांनी खबर लागण्याबद्दल लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

घाटातून येणारा फोन असा असतो: "मॅडम, लवकर या, गाडी खाली गेलीय." कुठे? "घाटात." कुठल्या घाटात? "पोलादपूर सोडलं त्यानंतर." माणूस बाहेरगावचा असतो, अंगाला कापरं भरलेलं असतं, मागे कुणीतरी रडत असतं. टॉवरवरून आम्हाला जो अंदाज मिळतो तो डोंगरात काही किलोमीटरचा असू शकतो. फोन दरीपलीकडच्या टॉवरला चिकटला असेल तर माणूस एका बाजूला आणि नकाशावरचा ठिपका दुसऱ्या बाजूला. अशा वेळी मी विचारते, शेवटचं देऊळ कुठलं लागलं, धबधबा दिसतो का, डाव्या हाताला दरी आहे की डोंगर. मिनिटं जातात आणि त्या मिनिटांचं मोल मला माहीत आहे.

यावर तंत्रज्ञानाने काढलेला उपाय साधा आणि फार चांगला आहे. आपत्कालीन नंबर फिरवला की फोन स्वतःच जीपीएस चालू करतो आणि नेमकी जागा केंद्राला पाठवतो. वेगळं ॲप नको, फोन करणाऱ्याला काही शिकवायला नको. याची सुरुवात ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये बीटी या टेलिफोन कंपनीने केली. गुगलने २०१६ मध्ये अँड्रॉइडमध्ये ही सोय दिली, ॲपलने २०१८ मध्ये आयफोनमध्ये. आपल्याकडे २०२५ च्या डिसेंबरमध्ये उत्तर प्रदेशच्या ११२ पासून गुगलने ती सुरू केली. सॉफ्टवेअर कंपन्यांनी आमच्यासाठी आजवर केलेल्या कामांत मी हे सर्वांत वर ठेवीन, कारण घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं यात यंत्राने उचललंय.

तुमच्या कंपनीला हे राज्यभर करता येणार नाही, पण तुमच्या घाटापुरतं करता येईल असं एक काम आहे. गुगलने काढलेले प्लस कोड सगळ्यांसाठी फुकट आहेत आणि नेट नसतानाही फोनवर निघतात. काही अक्षरं-आकडे, आणि जागा काही मीटरपर्यंत नेमकी. केरळच्या २०१८ च्या महापुरात अडकलेल्या लोकांनी जागा कळवायला ते वापरावेत म्हणून गुगलने खास सूचना दिल्या होत्या. घाटाच्या प्रत्येक अवघड वळणावर, गडाच्या वाटेवर, साकवाजवळ पत्र्याचा फलक लावा: मोठ्या अक्षरात जागेचं नाव, खाली क्रमांक, खाली कोड, आणि '११२ ला हा क्रमांक सांगा' एवढी ओळ. रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारा रंग. फोन करणाऱ्याने फलक वाचून दाखवला की मी तुम्हाला थेट त्या वळणावर पाठवीन. याला सर्व्हर लागत नाही, ओटीपी लागत नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्गाचा असेल तर त्यांची परवानगी मात्र घ्यावी लागेल, वनखात्याचीही काही ठिकाणी.


सॅनहोजेकर

मूळचा सातारचा, हल्ली सॅन होजेत. इथली एक घटना सांगतो, कारण करार लिहिताना तुम्हाला कामी येईल.

सॅन होजे ज्या सांता क्लारा काउंटीत आहे, तिथल्या अग्निशमन दलाची गाडी २०१८ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या वणव्यावर गेली होती. ती पाण्याचा बंब नव्हे. कुठला बंब कुठे पाठवायचा याचा समन्वय करणारी, इंटरनेटवर चालणारी गाडी. ऐन आगीत तिचं इंटरनेट मंदावलं, वेग नेहमीच्या दोनशेव्या हिश्शावर आला. कारण, व्हेरायझनच्या प्लॅनमधली महिन्याची डेटा मर्यादा ओलांडली होती. दलातले लोक कंपनीला कळवत राहिले की आम्ही वणव्यावर आहोत, आणि त्यांना दुपटीहून महाग प्लॅन घ्यायला सांगण्यात आलं. जवानांनी स्वतःचे फोन वापरून काम भागवलं. दलाच्या प्रमुखांनी हे सगळं कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं. मर्यादा न उठवणं ही ग्राहकसेवेची चूक होती, असं कंपनीने नंतर मान्य केलं, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: आणीबाणीत बचाव दलांचं इंटरनेट मंद करायचं नाही.

याच देशात दुसरं टोकही आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल यांचे रेडिओ एकमेकांशी बोलू शकत नव्हते. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले. पुढे २०१२ मध्ये संसदेने बचाव दलांसाठी वेगळं मोबाईल नेटवर्क उभारायचा कायदा केला आणि २०१७ मध्ये एटी अँड टीला पंचवीस वर्षांचं कंत्राट मिळालं. त्याचं नाव फर्स्टनेट. गर्दीत नेटवर्क भरलं की सामान्य फोन मागे सारून जवानाचा फोन पुढे जातो. हे कंपनीच्या भल्या मनावर सोडलेलं नाही, कंत्राटात लिहिलेलं आहे.

तुमच्या पुण्याच्या कंपनीची माणसं चांगली आहेत, मान्य. पण रात्री दोनला काहीतरी बंद पडलं तर फोन उचलणारा माणूस कोण, तो किती वर्षं बांधील, आणि तुम्ही भरलेली माहिती तुमच्याच मालकीची राहून साध्या फाईलमध्ये केव्हाही परत मिळेल का, हे लिहून घ्या. तुमच्या मुलांच्या वाटा जशा गेल्या तसं पुन्हा होऊ नये.


घाटवाट (पोलादपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पथकातल्या पोरांना बसवून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बोटीतल्या टेक्निशियनच्या जागेवर बराच वाद झाला, पण शेवटी सगळे तयार झाले. तिसऱ्या फेरीला एक जागा, कॅन झाकण घट्ट बसणारा आणि तो बोटीच्या नाकाशी, माणसांपासून दूर.

फलकांचं तर पोरांनी लगेच मनावर घेतलंय. जुन्या ॲपबरोबर गेलेल्या जागा परत गोळा करायचं निमित्त झालं. या वेळी वहीत.

एक प्रश्न राहिला. सॅटेलाईट फोन घ्यावा का? कंपनीतल्या एकाने अमेरिकेतून उपग्रहावर संदेश पाठवणारं छोटं यंत्र आणून देतो असंही म्हटलंय.


टॉवरवाला (रत्नागिरी)

दादा, ते छोटं यंत्र अजिबात घेऊ नका. परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात, पण भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे उपग्रह फोन तर आपल्याकडे चालूच देत नाहीत, आणि असं यंत्र सापडलं म्हणून विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही अडवलंय. मदत करायला निघालेला माणूस पोलीस ठाण्यात बसायचा. आयफोनमधली उपग्रहावरून मदत मागायची सोय अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून आहे, तिच्या भरवशावर इथे राहू नका. रीतसर मार्ग म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारा इन्मारसॅट या उपग्रह कंपनीचा फोन, दूरसंचार विभागाच्या परवानगीने. तो पथकाच्या नावावर घेण्यापेक्षा जिल्हा प्राधिकरणाच्या नावावर घ्यायला लावा आणि जूनपासून पोलादपूरच्या तहसीलमध्ये ठेवायला सांगा. उपग्रह फोनला उघडं आकाश लागतं, दरीच्या तळाशी तो बोलणार नाही, तेव्हा सरावात एकदा वर मोकळवणात जाऊन कॉल लावून बघा.

पथकातल्या पथकात बोलायला मात्र वायरलेस सेट हवेत आणि तिथे कंपनीचे पैसे सार्थकी लागतील. तुमच्यातल्या दोघातिघा तरुणांना हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन हौसेने चालवायचा वायरलेस) परीक्षेला बसवा. २००१ च्या भुजच्या भूकंपात फोन बंद असताना हॅमवाल्यांनीच निरोप पोहोचवले होते. परीक्षेची तयारी, फी, सेट, घाटमाथ्यावर रिपीटरसाठी (वायरलेसचं बोलणं पुढे पोहोचवणारं यंत्र) सोलर पॅनेल आणि बॅटरी, हे सगळं सीएसआरमध्ये बसतं. परवाना माणसाच्या नावावर असतो, म्हणून एकट्यादुकट्याला नको, दरवर्षी नव्या दोघांना बसवत राहायचं.


फोन_उचलते (नवी मुंबई)

दादा, फलक रंगवायला टाकायच्या आधी नावांची आणि कोडांची यादी पोलीस ठाण्यामार्फत आमच्याकडे येऊ द्या. मी ती घाट सांभाळणाऱ्या सगळ्या पाळ्यांना दाखवून घेते. 'वाघजाईचं वळण' असं नुसतं लिहू नका, वाघजाईची देवळं वरंध घाटातही आहेत आणि इतरही घाटांत आहेत. आधी घाटाचं नाव, मग वळणाचं. आणि क्रमांक पोलादपूरच्या बाजूने चढते ठेवा, म्हणजे फोन करणाऱ्याला दोन फलकांच्या मधे असताना फक्त आकडा आठवला तरी तुमची गाडी कुठल्या तोंडाने घाटात शिरायची ते मला सांगता येईल.